घाटपायथ्याची शाळा आणि खाडीचे रान

(कुंभिवली, ता. खालापूर येथे प्राथमिक शिक्षकांपुढे दिलेले व्याख्यान)



परिसर अभ्यासात खारफुटीचा विषय निघाला म्हणजे कर्जत-खालापूरकडील वर्गात तो बहुधा दोन वाक्यांत आटोपतो. ‘खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या झाडांना खारफुटी म्हणतात. ती किनाऱ्याचे रक्षण करते.’ एवढे फळ्यावर लिहिले की मुले ते वहीत उतरवितात, पाठ करतात आणि परीक्षेनंतर विसरतात. यात शिक्षकाचा दोष फारसा नाही. खिडकीतून दिसते ती सह्याद्रीची भिंत. दाराशी आहेत ती भाताची खाचरे. भरती-ओहोटी येथे कोणी पाहिलेली नाही. तेव्हा खारफुटी हा अलिबाग-उरणच्या शाळांचा विषय, डोंगराकडील शाळांनी तो नावापुरता शिकवावा, अशी समजूत होणे स्वाभाविक आहे.

ही समजूत दूर करणे, हाच या व्याख्यानाचा हेतू आहे. खाडीचे रान हे घाटपायथ्याच्या शाळेचेही रान आहे. त्या रानाचा चिखल येथून जातो, त्याचे गोडे पाणी येथून जाते, आणि त्याचे दुखणेही काही अंशी येथूनच जाते. हे एकदा मुलांच्या ध्यानी आले, म्हणजे खारफुटीचा धडा परक्या प्रदेशाचा धडा राहत नाही. तो गावच्या ओढ्याचा पुढचा भाग ठरतो.

१. ओढ्यापासून खाडीपर्यंत

कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांतील बहुतेक पाणी दोन नद्यांना मिळते. कर्जतकडील पाणी उल्हास नदीला जाते. ती बदलापूर, कल्याण या वाटेने पुढे ठाण्याच्या उत्तरेस वळून वसईच्या खाडीत मिळते. खालापूरकडील पाणी पाताळगंगेला जाते. ती रसायनी, आपटा, खारपाडा या बाजूने धरमतरच्या खाडीत उतरते आणि ती खाडी रेवस व करंजा यांच्या दरम्यान समुद्रास मिळते. खारपाडा या नावातच खाऱ्या पाण्याची खूण आहे. तेथवर समुद्राची भरती येऊन पोचते. डोंगराचे गोडे पाणी आणि समुद्राचे खारे पाणी यांची गाठ पडते ती या टापूत, आणि अशाच जागी खारफुटी वाढते.

पाताळगंगेची एक विशेष गोष्ट मुलांना अवश्य सांगावी. कोकणातील पुष्कळ नद्या उन्हाळ्यात आटतात, परंतु पाताळगंगा बारमाही वाहते. याचे कारण खोपोलीचे वीजघर होय. लोणावळ्याकडील वळवण, लोणावळा व शिरवटा या तलावांचे पाणी नळांतून घाटाखाली आणून त्यावर वीज निर्माण करण्यास १९१५ साली प्रारंभ झाला. वीजघरातून सुटलेले पाणी पाताळगंगेत सोडले जाते. घाटमाथ्यावरचे हे पाणी मूळचे इंद्रायणी, भीमा व कृष्णा या वाटेने बंगालच्या उपसागरास जाणारे. मनुष्याच्या करणीने ते पश्चिमेकडे वळले आणि धरमतरच्या खाडीत येऊ लागले. कर्जतकडे भिवपुरीच्या वीजघराचे पाणीही अशाच रीतीने पेज नदीतून उल्हासला मिळते. नदी म्हणजे नकाशावरील निळी रेघ नव्हे. वर केलेली गोष्ट खाली पोचविणारी ती वाट आहे, हे या एका उदाहरणाने मुलांस पटते.

पाण्याबरोबर मातीही जाते. आषाढात ओढ्याचे पाणी तांबूस गढूळ होते ते सर्वांनी पाहिलेले असते. ही बारीक माती गोड्या पाण्यात दीर्घकाळ तरंगत राहते. मात्र खाऱ्या पाण्याशी तिचा संबंध आला की तिचे सूक्ष्म कण एकमेकांस चिकटून जड होतात आणि तळाशी बसू लागतात. खाडीच्या काठाला जो मऊ, गुडघाभर खोल चिखल असतो, त्याचा पुष्कळ भाग असा जमलेला असतो. खारफुटी या चिखलात उभी राहते, आणि तिच्या मुळांच्या जाळ्यात पाण्याचा वेग मंदावल्याने आणखी चिखल साठतो. येथील डोंगराची माती तेथे झाडाच्या पायाशी थांबते.

२. झाडाची कसोटी

साधे झाड अशा जागी का जगत नाही, हा प्रश्न प्रथम विचारावा. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. असे पाणी भाताला किंवा वालाला घातले तर रोप करपते. दुसरी अडचण चिखलाची. त्यात हवा खेळत नाही, म्हणून मुळे गुदमरतात. तिसरी अडचण पाण्याच्या ओढीची. दिवसातून दोनदा भरती येते व दोनदा ओसरते. खाली पडलेले बी रुजण्यापूर्वीच वाहून जाण्याचा संभव असतो. या तीन अडचणींवर खारफुटीच्या निरनिराळ्या झाडांनी निरनिराळ्या तोडी काढल्या आहेत.

तिवर हे आपल्या खाड्यांतील सर्वांत परिचित झाड. ते खारे पाणी शोषते, पण त्यातील अधिक झालेले मीठ पानांवाटे बाहेर टाकते. कोरड्या दिवसांत तिवराच्या पानावर मिठाचे बारीक कण दिसतात. जिभेला लावल्यास खारट लागतात. कांदळ हे झाड बहुतांश मीठ मुळाशीच अडविते आणि आत शिरू देत नाही. एका झाडाने आलेला पाहुणा बाहेर घालवावा, दुसऱ्याने दारातच थांबवावा, असा हा प्रकार आहे.

श्वासाची सोयही पाहण्यासारखी आहे. तिवराच्या भोवती चिखलातून बोटाएवढ्या, पेन्सिलीसारख्या टोकदार काड्या वर आलेल्या असतात. त्या फांद्या नसून मुळे आहेत. ओहोटीच्या वेळी ती हवा घेतात आणि चिखलातील मुळांस पुरवितात. चिप्पीची श्वसनमुळे अधिक जाड व शंकूसारखी असतात. कांदळाच्या खोडापासून कमानीसारखी आधारमुळे निघून चिखलात रुततात. एखाद्या झाडाने अनेक काठ्या टेकून उभे राहावे तसे ते दिसते.

बियांची योजना तर सर्वांत नवलाची. कांदळाचे बी झाडावर असतानाच रुजते आणि शेवग्याच्या शेंगेसारखा लांब हिरवा अंकुर फांदीला लोंबत राहतो. जणू आईने लेकराला चालता येईपर्यंत कडेवर ठेवावे. पुढे हा अंकुर गळून पडतो. ओहोटी असेल तर तो तेथेच चिखलात रुततो, भरती असेल तर तरंगत दूर जातो आणि योग्य जागा मिळेल तेथे मूळ धरतो.

यांखेरीज काटेरी पानांची व निळसर फुलांची मारांडी आणि पांढऱ्या फुलांचे काजळा ही झाडेझुडपे आपल्या खाड्यांत आढळतात. गेवा नावाच्या झाडाचा चीक डोळ्यांस अत्यंत अपायकारक असतो, हे सहलीला नेताना शिक्षकाने लक्षात ठेवावे. पांढऱ्या चिप्पीला महाराष्ट्र शासनाने २०२० साली राज्याचा कांदळवन वृक्ष म्हणून मान दिला. तिची फुले रात्री उमलतात. त्यांचे पांढरे पुंकेसर एखाद्या कुंच्याप्रमाणे पसरतात, आणि वटवाघळे व पतंग त्यांच्याकडे मधासाठी येतात.

३. रानातील वस्ती

खारफुटीची पाने गळून चिखलात पडतात आणि कुजतात. त्या कुजणीवर सूक्ष्म जीव वाढतात. त्यांवर कोळंबीची व माशांची पिले जगतात. पिलांवर मोठे मासे, माशांवर पक्षी आणि माणसे. पिलांना हे रान दुसऱ्या कारणानेही सोयीचे असते. मुळांच्या गर्दीत मोठ्या माशाला शिरता येत नाही. म्हणून कोळंबी, बोय, चिंबोरी यांसारख्या जीवांची बाल्यावस्था या चिखलात सुरक्षित जाते. कोळीवाड्यातील बाजारात जे येते, त्यातील पुष्कळाचे बालपण खारफुटीत गेलेले असते.

ओहोटीच्या वेळी चिखलाकडे निरखून पाहिले तर तो हलताना दिसतो. निवटी नावाचा मासा चिखलावर उड्या मारीत फिरतो. अंगावर व तोंडात ओलावा असेपर्यंत तो पाण्याबाहेर राहू शकतो. एक लहान खेकडा असा असतो की त्याच्या नराची एक नांगी अंगाच्या मानाने फार मोठी असते. ती हलवून तो मादीला बोलावतो आणि दुसऱ्या नराला दटावतो. खेकड्यांच्या बिळांमुळे चिखलात हवा व पाणी खेळते. शेतात गांडूळ जे काम करते, त्याच जातीचे हे काम आहे. मुळांना कालवे चिकटलेली असतात. बगळे, खंड्या, तुतारी हे पक्षी येथे चरतात, आणि दाट रानात कोल्हाही वावरतो.

रायगडच्या माणसाला जिताडा वेगळा सांगावयास नको. पेण-अलिबागच्या बाजूस पाहुणचाराचा मासा म्हणून त्याची ख्याती आहे. हा मासा खाडीच्या मुखाजवळ, समुद्राच्या बाजूस अंडी घालतो. पिले भरतीबरोबर आत येतात, खारफुटीच्या फाट्यांत वाढतात, आणि त्यांतील काही गोड्या पाण्यापर्यंत चढतात. खारपट्टीतील शेतकरी ही पिले गावच्या तळ्यात आणून वाढवितात. आणखी एक आश्चर्य असे की जिताडा प्रथम नर म्हणून वयात येतो आणि पुढे मोठा झाल्यावर मादी होतो. म्हणून मोठे जिताडे सर्वच धरले गेले तर अंडी घालावयास कोणी उरत नाही.

घाटपायथ्याच्या मुलांना माशांचे स्थलांतर नवीन नाही. पहिल्या पावसात ओढ्याला पाणी आले की वलगणीचे मासे वर चढतात आणि सारी वाडी टोपल्या, येंड्या घेऊन धावते. कातकरी व ठाकूर समाजातील मुलांना तर कोणत्या डोहात कोणता मासा व कोणत्या दगडाखाली मुठा, हे पुस्तकाविना माहीत असते. शिक्षकाने येथूनच आरंभ करावा. ‘वलगणीचा मासा वर का चढतो?’ या प्रश्नाचे उत्तर मूल देईल, कारण अंड्यांनी भरलेला मासा त्याने पाहिलेला असतो. मग जिताडा उलट दिशेने का जातो, हे सांगितले की ते त्याला तत्काळ समजते. ज्या मुलाला वर्गात मागे बसण्याची सवय झालेली असते, तोच या धड्यात पुढे येतो, असा अनुभव येण्यासारखा आहे.

४. राखलेली खाडी

अशा रानाला कायद्याने जपण्याचे प्रयत्न देशात अनेक ठिकाणी झाले आहेत. बंगालमधील सुंदरबनात १९७३ साली व्याघ्रप्रकल्प आणि १९८४ साली राष्ट्रीय उद्यान झाले. तेथे वाघ खाऱ्या पाण्यातून पोहत बेटाबेटांवर जातो. ओडिशातील भितरकनिका येथील उद्यान खाऱ्या पाण्यातील मोठ्या मगरींसाठी प्रसिद्ध आहे. महाराष्ट्रात खारफुटीचे राष्ट्रीय उद्यान नाही. मात्र येथून रेल्वेने जाता येईल इतक्या अंतरावर ठाणे खाडीचे रोहित पक्षी अभयारण्य आहे. राष्ट्रीय उद्यान आणि अभयारण्य यांत भेद असा की उद्यानात चराई व खाजगी हक्क यांना वाव नसतो, तर अभयारण्यात काही हक्क मर्यादेने चालू राहू शकतात. दोहोंचाही आधार वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ हा आहे.

ठाणे खाडीचे अभयारण्य २०१५ साली घोषित झाले. त्याचे क्षेत्र सुमारे १७ चौरस किलोमीटर असून त्यातील निम्म्याहून थोडा अधिक भाग खारफुटीचा व उरलेला पाण्याचा आहे. २०२२ साली या खाडीचा समावेश रामसर करारान्वये जगातील महत्त्वाच्या पाणथळ जागांत करण्यात आला. हिवाळ्याच्या सुमारास येथे रोहित पक्षी, म्हणजेच फ्लेमिंगो, येतात आणि पावसाळ्यापूर्वी परततात. त्यांची वीण कच्छच्या रणात होते. काही वर्षी येथील त्यांची संख्या लाखाहून अधिक मोजली गेली आहे. डोके उलटे करून चोच पाण्यात फिरवावी आणि अन्न गाळून घ्यावे, ही त्यांची रीत. अन्नातील रंगद्रव्यामुळे त्यांच्या पिसांना गुलाबी छटा येते. पिलू मात्र राखाडी असते.

येथे मुलांना एक बारकावा सांगितला पाहिजे. लहान रोहित पक्ष्याचे मुख्य अन्न पाण्यातील सूक्ष्म निळेहिरवे शेवाळ आहे, आणि खाडीत शहराचे सांडपाणी आल्याने हे शेवाळ वाढते. म्हणून पक्षी आले म्हणजे पाणी स्वच्छ आहे, असा निष्कर्ष काढू नये. सुंदर दृश्य पाहिल्यावरही ‘असे का?’ हा प्रश्न विचारण्याची सवय लावणे, हे शास्त्राच्या शिक्षणाचे पहिले काम आहे.

पक्ष्यांप्रमाणे पाणीही सीमा मानत नाही. ठाण्याच्या खाडीला उत्तरेकडून उल्हास नदीशी जोडणारा चिंचोळा फाटा आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ साली देशातील ३५१ प्रदूषित नदीपट्ट्यांची यादी केली. त्यांतील ५३ महाराष्ट्रातील होते. त्या यादीत उल्हास व पाताळगंगा या दोन्ही नद्यांचे पट्टे आहेत. कारखान्यांचे पाणी शुद्ध करून घेणे हे शासनाचे व कारखानदारांचे कर्तव्य आहे. ते शाळेच्या आवाक्यातले नाही. परंतु ओढ्यात टाकलेली प्लॅस्टिकची पिशवी हा गावाचा प्रश्न आहे. पावसाच्या पहिल्या लोंढ्याबरोबर ती नदीत जाते, नदीतून खाडीत जाते आणि भरतीने तिवराच्या श्वसनमुळांवर जाऊन बसते. ज्या मुळाने हवा घ्यावयाची त्यावर ती पालथी पडते. कोवळे रोप तिच्या भाराने वाकते. खाडीकाठच्या माणसाने ती तेथे टाकलेली नसते.

५. बांध आणि तिवर

आता एका नाजूक गोष्टीकडे वळावयास हवे. या तालुक्यांतील अनेक कुटुंबांच्या सोयरिकी पेण-अलिबागच्या खारपट्टीत आहेत. कोणा मुलाची आत्या तेथे दिलेली असते, कोणाची आई तेथून आलेली असते. त्या मुलाने घरी खारफुटीचे गुणगान केले तर आत्या कदाचित म्हणेल, ‘त्या तिवरांनीच आमचे शेत खाल्ले.’ शिक्षकाजवळ याचे उत्तर असले पाहिजे, आणि ते आत्याला खोटी ठरविणारे नसावे.

खारपट्टी म्हणजे खाडीला बांध घालून मनुष्याने काढलेली भातशेती. भरतीचे पाणी बाहेर ठेवावयाचे आणि ओहोटीला पावसाचे पाणी उघाडीतून बाहेर सोडावयाचे, अशी ही योजना. कुलाबा जिल्ह्यात शिलोत्री नावाने ओळखली जाणारी जुनी धारापद्धती या बंदिस्तीशीच निगडित होती. राता भातासारख्या क्षार सोसणाऱ्या जाती शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या राखल्या, आणि पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने ‘पनवेल’ या नावाने नव्या जाती दिल्या. बांध उत्तम राहावेत म्हणून १९४८ साली मुंबई प्रांतात आणि पुढे १९७९ साली महाराष्ट्रात खारभूमीचे कायदे झाले. तरीही उधाणाने बांध फुटतात. खारे पाणी एकदा शेतात शिरले की पुढील पावसाने मीठ धुऊन जाईपर्यंत जमीन पिकत नाही. बांध वेळेवर बांधला गेला नाही तर पाण्याबरोबर तिवराचे बी येते, रुजते, आणि काही वर्षांत तेथे रान उभे राहते. मग ते रान कायद्याने संरक्षित होते आणि शेतकरी स्वतःच्या बांधापाशी हताश उभा राहतो.

त्याची तक्रार खरी आहे. परंतु तिचे मूळ तिवरात नाही, फुटलेल्या बांधात आहे. किंबहुना ज्या बांधाच्या बाहेरच्या अंगाला तिवराची दाट रांग असते, त्याच्यावर लाटेचा मार कमी बसतो. लाट त्या मुळांत व खोडांत मोडते, चिखल साठतो आणि बांधाच्या पायाला आधार मिळतो. बाहेरची तिवरे सरपणासाठी किंवा भरावासाठी तोडली गेली की बांध उघडा पडतो. म्हणजे बांधाच्या बाहेर तिवर हे शेताचे कुंपण आणि बांधाच्या आत तेच अतिक्रमण. जागा कोणती, यावर त्याचा गुण ठरतो. हा विवेक शिकविला तर आत्याचेही खरे राहते आणि शाळेचेही.

खारफुटीच्या संरक्षक शक्तीचा पुरावा दूरच्या एका संकटाने मिळाला आहे. १९९९ साली ओडिशावर महाचक्रीवादळ आले. पुढे अभ्यासकांनी केंद्रापाडा जिल्ह्यातील गावांची तुलना केली. ज्या गावांच्या आणि समुद्राच्या मध्ये खारफुटीचा रुंद पट्टा उरला होता, तेथे मृत्यू कमी झाल्याचे त्यांना दिसून आले. रायगडच्या किनाऱ्यावर ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आले तेव्हा कौले, पत्रे व बागा उडाल्या हे सर्वांच्या स्मरणात आहे. खारफुटी वाऱ्याला थोपवून धरील असे मुलांना सांगू नये. ती लाटेचा जोर मोडते, एवढेच सांगावे. जेवढे खरे तेवढेच सांगितले तर मुले पुढेही विश्वास ठेवतात.

महाराष्ट्रात २०१२ साली वनखात्याच्या अंतर्गत कांदळवन कक्ष स्थापन झाला. मुंबई उच्च न्यायालयाने १७ सप्टेंबर २०१८ रोजी दिलेल्या निर्णयाने राज्यभर खारफुटीच्या नाशास मनाई केली. भारतीय वन सर्वेक्षणाच्या २०२१ सालच्या अहवालात राज्यातील खारफुटीचे क्षेत्र ३२४ चौरस किलोमीटर दिलेले आहे, आणि त्यात रायगड जिल्ह्याचा वाटा फार मोठा आहे. ज्या जिल्ह्याजवळ ही संपत्ती आहे, त्याच्या शाळांनी ती न ओळखणे बरे नव्हे.

६. वर्गात करावयाच्या गोष्टी

साधने नाहीत ही अडचण येथे सांगता येणार नाही. पुढील चार गोष्टींना गावात मिळणाऱ्या वस्तूच पुरेशा आहेत.

(१) गाळाचा प्रयोग. शेतातील बारीक माती पाण्यात कालवून जाड कण खाली बसू द्यावेत. वरचे गढूळ पाणी दोन सारख्या काचेच्या बरण्यांत समान ओतावे. एकीत दोन चमचे मीठ विरघळवावे, दुसरीत काही घालू नये. दोन्ही बरण्या न हलविता ठेवाव्यात आणि कोणते पाणी आधी निवळते याची मुलांनी नोंद करावी. खाडीत चिखल का जमतो, हे मग सांगावे लागत नाही.

(२) मिठाचा प्रयोग. वाल हे या भागातील घरोघरचे पीक. तीन डब्यांत वाल पेरावेत. एकाला साधे पाणी, दुसऱ्याला लिटरमागे चमचाभर मीठ घातलेले, आणि तिसऱ्याला समुद्राइतके खारे, म्हणजे लिटरमागे ३५ ग्रॅम मीठ घातलेले पाणी द्यावे. रोज उंची मोजून तक्ता करावा. खारपट्टीतील शेतकऱ्याचे दुःख या तिसऱ्या डब्यात दिसते, आणि तिवराचे सामर्थ्यही.

(३) भरतीचे गणित. किनाऱ्यावरील लोक तिथीवरून भरतीची वेळ काढतात. तिथीला तीनने गुणावे व चाराने भागावे. मुंबईकडील भरतीचा तास ढोबळमानाने येतो. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, द्वादशीला नऊ वाजता. दोन्ही पक्षांत रीत एकच, आणि दिवसाप्रमाणे रात्रीही जवळपास त्याच सुमारास दुसरी भरती. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास उधाण येते, अष्टमीच्या सुमारास भांग असते. कालनिर्णय भिंतीवर असतेच. आज खाडीत या क्षणी भरती आहे की ओहोटी, हे कुंभिवलीतील मुलाने वर्गात बसून सांगावे. अपूर्णांकांचा सराव आणि चंद्राचे ज्ञान, दोन्ही साधतात.

(४) ओढ्याचा नकाशा. मुलांना शाळेजवळच्या ओढ्यावर न्यावे. ओढा कोणत्या नदीला मिळतो, नदी कोणत्या गावांवरून जाते आणि कोठे खाडी होते, हे मोठ्या कागदावर काढावे. वडीलधाऱ्यांकडून जुन्या डोहांची व माशांची नावे विचारून नकाशावर लिहावीत; कोणते मासे आता दिसत नाहीत तेही लिहावे. ओढ्याकाठी आढळलेल्या टाकाऊ वस्तूंची यादी करावी. मृगाच्या पावसापूर्वी मुलांनी, ग्रामपंचायत व पालक यांच्या साहाय्याने, ओढ्याच्या काठावरील प्लॅस्टिक गोळा करावे. वेळ महत्त्वाची आहे. पहिला लोंढा येऊन गेल्यावर केलेली सफाई खाडीच्या उपयोगाची नाही.

शक्य असल्यास वर्षातून एकदा सहल न्यावी. ऐरोली येथे वनखात्याचे किनारी व सागरी जैवविविधता केंद्र आहे. तेथे खारफुटी जवळून पाहण्याची सोय आहे. खाडीवर नेताना ओहोटीची वेळ आधी काढावी, मुलांना चिखलात उतरू देऊ नये आणि फांदी तोडू देऊ नये. सहल न झाली तरी बिघडत नाही. वरील चार गोष्टी केलेल्या मुलाने खाडी पाहिली नसली तरी ती त्याला कळलेली असते.

शेवटी एकच सांगावयाचे. किनाऱ्यावरच्या शाळेला खारफुटी डोळ्यांसमोर दिसते. घाटपायथ्याच्या शाळेला ती विचाराने पाहावी लागते. शिक्षणाचे खरे काम या दुसऱ्या प्रकारात आहे. आपल्या हातून सुटलेली वस्तू कोठे जाते, हे न दिसताही ज्याला कळते, तो मुलगा पुढे शेतकरी होवो, कारखान्यात कामाला लागो किंवा ग्रामपंचायतीत बसो, नदीत काही सोडण्यापूर्वी तो क्षणभर थांबेल. येत्या मृगापूर्वी प्रत्येक शाळेने आपल्या ओढ्याचा नकाशा भिंतीवर लावावा आणि त्याचे दुसरे टोक धरमतरच्या किंवा वसईच्या खाडीपर्यंत नेऊन पोचवावे. कागद अपुरा पडला तर जोडून घ्यावा. नकाशा मात्र गावाच्या शिवेवर थांबवू नये.